एकतिसावी नळी

सोमवार, १२ नोव्हेंबर

मोजणी सुरू झाली एकदाची! सकाळी साडेसहाला आमच्या कफर नखला गावच्या बरसीम घासात लाकडी चौकट टाकली. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, पाच ठिकाणी. गोगलगाई ४३, ३९, ५१, ४४, ३८. दव भरपूर, त्यामुळे सगळ्या शेंड्यावर येऊन बसलेल्या. तासाभरात ऊन चढलं की बुडाशी पळतात आणि मग मोजणारा वेडा ठरतो.

शेतवाला अताल्ला म्हैस धरून बांधावर उभा. म्हणे, "शौकीकाका, सरकार तुम्हाला गोगलगाई मोजायला ठेवतं? मग माझ्या म्हशीचे गोचीडपण मोजून टाका की!" म्हटलं, गोचिडांचं खातं वेगळं, तिकडे अर्ज कर. हसला. मग खरं बोलला — या चिकट घासाला म्हैस तोंडच लावत नाही, हुंगते आणि मान फिरवते. पहिली कापणी निम्मी वाया गेली त्याची.

यंदा मोजणीबरोबर नवीन काम आहे. प्रत्येक शेतातल्या दहा गोगलगाईंच्या पायाचा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या नळीत घालायचा, नळीवर नंबर टाकायचा. नळ्या झगाझिग शहरातल्या प्रयोगशाळेत डॉ. इनायतकडे जाणार. तिथे ती जनुकं काढून बघणार, की बरसीममधली, कोबीतली, संत्र्याच्या बागेतली गोगलगाय एकाच कुळातली की वेगवेगळ्या कुळांतली. पोरगी हुशार आहे. नवाराच्याच वयाची.

— हे नाव लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. असो.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

नमाज आटपून कब्रस्तानात. आमच्या गावात गुरुवार बायकांचा, शुक्रवार पुरुषांचा, बापजाद्यांपासून. एतिमादजवळ अर्धा तास बसलो. मार्चमध्ये तिला जाऊन दोन वर्षं होतील.

उशाशी लावलेली कोरफड छान फुटली आहे. हुस्नियानं, तिच्या बहिणीनं, लावली असणार. या गोष्टी बायकांनाच सुचतात. पानांवर गोगलगाई! बायकोच्या उशाशीसुद्धा हा धंदा माझा पिच्छा सोडत नाही. एकेक वेचली, रुमालानं पानं पुसली, डबाभर पाणी घातलं. दर शुक्रवारचं हे कामच होऊन बसलंय. निघताना राखणदार बयूमीनं नेहमीप्रमाणे हातावर संत्रं ठेवलं. "घ्या, कालच्या रहमाचं आहे." गुरुवारी बायका गेलेल्यांच्या नावानं पाव-फळं वाटतात, उरलेलं बयूमी शुक्रवारी आम्हाला वाटतो. बेंबीवालं संत्रं, गोड. फाटकाशी उभ्यानंच खाल्लं. घरी नेऊन कोणाबरोबर खाणार?

मंगळवार, २७ नोव्हेंबर

सालहियाच्या बाजूला गेलो, वाळवंटातून काढलेल्या नव्या जमिनीत. साठ किलोमीटर जीपमधून, हाडं खिळखिळी झाली. वाळूच वाळू आणि तिच्यात संत्र्याच्या बागा. तीन बागा, नळ्या २२, २३, २४. खोडाला गोगलगाई चिकटलेल्या, आमच्यापेक्षा जरा लालसर. फार नव्हत्या.

एका बागेत दोघं जण कलमं बांधत बसले होते. कलमं बांधणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. सब्री कलमंच बांधायचा. आमच्या कृषी केंद्रावर तीन महिन्यांसाठी आला आणि माझी पोरगी घेऊन गेला. मी तिच्यासाठी भांडारप्रमुखांच्या मुलाला शब्द दिला होता! शब्द म्हणजे शब्द. तिनं ऐकलं नाही, सब्रीच्या मामाकडे जाऊन त्याच्याशीच निकाह केला. दोन दिवसांनी दोघं दाराशी आली, तेव्हा मी म्हणालो, "मी जिवंत आहे तोवर तुझं तोंड मला दिसता कामा नये." एतिमादनं माझा हात धरला होता, मी झटकला.

सात वर्षं झाली. कुवेतला गेले असं कानावर आलं होतं. मी विचारलं नाही, आणि माझ्यासमोर तिचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

शुक्रवार, ७ डिसेंबर

आज एतिमादजवळ बसल्या बसल्या पुन्हा तेच मनात आलं. आई मेली तरी आली नाही. मांडवात तीन दिवस बसलो होतो, सारा गाव येऊन हात हातात घेऊन गेला. मी प्रत्येक गाडीकडे बघत होतो. हे कुणाला सांगितलं नाही, या वहीलाही नाही. बघत होतो. नाही आली. माझ्यावर राग ठेव, ठेव जन्मभर, पण आई?

आज वेचलेल्या गोगलगाई फेकल्या नाहीत. दहा मोठ्या निवडल्या, घरी येऊन तुकडे कापले, नळीत घातले. नळी ३१. यादीत तीसच आहेत. लेबल लिहिलं — '३१. कब्रस्तान, कोरफड.' का केलं? उगाच. एतिमाद असती तर म्हणाली असती, "अहो, मलासुद्धा घातलंत का तुमच्या सरकारी यादीत!"

गुरुवार, १३ डिसेंबर

दिवसभर कोणाशी बोललो नाही. दुपारी दुकानात मीठ मागितलं, तेवढंच.

मंगळवार, १ जानेवारी

नवीन वर्ष. एप्रिलअखेर निवृत्ती. केंद्रावर सगळे विचारतात, "काका, पुढं काय करणार?" म्हणतो, झोपणार. हसतात. मला हसू येत नाही. चौकट टाकायची नाही म्हणजे सकाळी उठायचं तरी कशासाठी?

सोमवार, १४ जानेवारी

डॉ. इनायतचा फोन. आधी तब्येत विचारली, थंडीची चौकशी केली, म्हणजे ओळखलं की काहीतरी वाईट येतंय.

"काका, ती एकतिसावी नळी... तुम्ही कफर नखलाच्या कब्रस्तानातून घेतलीत ना?"

"हो."

"कब्रस्तानाच्या भिंतीला लागून बरसीम आहे. तिथलीच गोगलगाय आत आली असणार. मग कूळ बरसीमवालं हवं. पण ३१ च्या जनुकांचे पट्टे बरसीमशी जुळत नाहीत. २२, २३, २४ शी जुळतात. सालहियाची संत्री! अख्ख्या प्रांतात ते कूळ फक्त त्या बागांत सापडलंय."

"मग?"

"मग... काका, रागावू नका. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. डोळे थकतात माणसाचे. पण एक चुकली असेल तर बाकीच्या तीस मी शोधनिबंधात कशाच्या भरवशावर छापू? सगळा हिवाळा परत करावा लागेल."

डोळे थकतात! फोन आपटूनच ठेवला. तीस वर्षं! तीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिलेला नाही या हातानं. साहेब लोक खोलीत बसून आकडे लिहायचे तेव्हाही मी चिखलात उकिडवा बसून मोजत होतो. जिथे शून्य तिथे शून्य लिहिलं, ओरडा खाल्ला, पण शून्यच लिहिलं. आणि जायच्या वेळी हा डाग?

मंगळवार, १५ जानेवारी

रात्र वाईट गेली. सकाळी चष्मा पुसून सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. चूक नाही. ३१ मी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली, तेव्हा दुसरी एकही नळी घरात नव्हती. अदलाबदल होणार कशी?

फोन केला. म्हटलं, पोरी, तू स्वतः ये आणि तुझ्या हातानं वेच. मग बोल माझ्या डोळ्यांबद्दल.

"येते काका," म्हणाली. "शुक्रवारी सुट्टी आहे माझी."

शुक्रवार, १८ जानेवारी

आली! गमबूट घालून, स्वतःच गाडी चालवत. बयूमी फाटकात आडवा, "मॅडम, आज पुरुषांचा वार आहे." ती म्हणाली, "मी माणसांना भेटायला आले नाही, गोगलगाईंना आलेय." बयूमी बाजूला झाला.

तिनं आधी एतिमादसाठी फातिहा वाचली. मला बरं वाटलं. मग गुडघे टेकून दहा गोगलगाई वेचल्या, नळीवर स्वतःच्या हातानं लिहिलं. मग कोरफडीच्या बुडाशी बोटानं माती उकरायला लागली. आमच्याकडची माती काळी, चिकट. खाली लागली पिवळी वाळू! आणि वाळूभोवती काळं प्लास्टिक, नर्सरीतल्या रोपांची असते ती पिशवी. कोणीतरी पिशवी न काढताच खड्ड्यात बसवलेली. मी दोन वर्षं पाणी घालतोय आणि एकदाही उकरून पाहिलं नाही. गोगलगाईंची अंडी कुठे कुठे असतात यावर नव्या पोरांना तासन्‌तास शिकवतो मी!

"काका," ती हळूच म्हणाली, "गोगलगाय साठ किलोमीटर चालत नाही. ती मातीतून येते, घासाच्या गाडीतून येते, रोपाबरोबर येते. ही कोरफड इथली नाही."

"मग माझे डोळे?"

"निकाल येऊ दे, मग माफी मागते."

गाडीत बसताना बयूमीनं तिलाही संत्रं दिलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

निकाल आला. दहापैकी नऊ सालहियाच्या कुळातल्या, एक आमच्या बरसीमची, तीही भिंतीवरून नवीनच आलेली असणार. "माफ करा काका, तुमच्या तीसच्या तीस नळ्या छापते. एकतिसावीसुद्धा. ती तर सगळ्यांत भारी आहे — मातीबरोबर कीड कशी नव्या ठिकाणी जाते, याचा इतका स्वच्छ दाखला मला मिळाला नव्हता. फक्त एवढं कळवा, कोरफड कोणी आणली?"

जिंकलो! केंद्रात सगळ्यांना चहा पाजला. घरी आलो, कुलूप उघडलं आणि सांगायला कोणी नव्हतं. भिंतीला सांगितलं मोठ्यानं, "बघ, चूक नव्हती माझी."

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

बयूमीला विचारलं, ही कोरफड कोणी लावली? इकडेतिकडे बघत म्हणाला, "लोक येतात, जातात. मी कबरी राखतो, काका, कोरफडी नाही." एरवी हा माणूस कोणाच्या कबरीवर कुत्रं बसलं तरी आठवडाभर सांगत सुटतो!

पानं पुसली, पाणी घातलं. निघताना त्यानं संत्रं पुढे केलं.

हात पुढे गेला आणि थांबला. संत्रं! आमच्या पंचक्रोशीत संत्र्याचं एक झाड नाही. बरसीम, गहू, कोबी. गुरुवारच्या रहमाला आमच्या बायका पाव आणि खजूर आणतात. दोन हिवाळे मी दर शुक्रवारी संत्रं खातोय आणि एकदाही विचारलं नाही, हे आणतं कोण.

"बयूमी," म्हटलं, "माझ्याकडे बघून सांग."

"शपथ घातलीय, काका," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

आज संत्रं खाल्लं नाही. टेबलावर ठेवलंय. समोरच आहे.

रविवार, १७ फेब्रुवारी

हुस्नियाकडे गेलो. गुडघ्यांमुळे बाजेवरच असते. मला "अबू नवारा" म्हणणारी ती एकटीच उरली आहे. बाकी सगळ्यांनी, माझ्या धाकानं, नवाराचा बाप म्हणणं केव्हाच सोडलं.

"कोरफड तू लावलीस का?"

"मी? एतिमादच्या मांडवानंतर मी दाराबाहेर पडलेच नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"काय ठाऊक असेल?"

ओरडलीच माझ्यावर! एवढ्या वर्षांत असं कधी बोलली नव्हती. "अबू नवारा, सात वर्षांत एकदा, फक्त एकदा, मला विचारलंत की पोरगी कुठे आहे? कुवेत, कुवेत! कुवेतला सब्री गेला होता, आठ महिने, आणि परत आला. सालहियाला बाग सांभाळतो. ती तिथेच आहे. पहिल्यापासून."

"आईला मूठमाती द्यायला आली नाही."

"आली होती! पहिल्या गुरुवारी. आत बायकांत बसली होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. तुम्ही बाहेर मांडवात पुरुषांत. मधे एक भिंत होती, अबू नवारा, एक भिंत! म्हटलं, जा, भेट बाबांना. म्हणाली, 'बाबा म्हणालेत तोंड दिसता कामा नये. त्यांना आज आणखी त्रास नको.' तुमचा शब्द तिनं पाळला. अजून पाळते. तुमचा वार सोडून येते."

तिनं पाणी दिलं. म्हटलं, एतिमादला ठाऊक होतं? म्हणाली, "आई होती ती. दर महिन्याला माझ्याकडे भेटायच्या दोघी. याच बाजेवर."

म्हणजे एतिमाद "बहिणीकडे जाऊन येते" म्हणायची ते. मी म्हणायचो, "जा, मला काय!" ती घरी यायची तेव्हा प्रसन्न असायची आणि मी तिला विचारायचो, एवढं काय झालं हसायला.

बुधवार, २० फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिता आलं नाही. शेतात गेलो, मोजलं, आकडे लिहिले. मोजताना मधेच विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अताल्लानं विचारलं, "काका, बरं नाही का?" म्हटलं, दव लागलं डोळ्यांना.

डॉ. इनायतला अजून कळवलेलं नाही. काय कळवू? लिहू की कीड पसरण्याचं कारण — माझी जीभ?

उद्या गुरुवार. पुरुषानं गुरुवारी कब्रस्तानात जायचं म्हणजे गावात चेष्टा. म्हातारा चळला म्हणतील. म्हणू देत. भीती त्याची वाटतच नाही. ती मला बघून उठून निघून गेली तर? तिला तेवढा हक्क आहे. मी शब्द परत घेतलेला नाही अजून. सात वर्षांत घेतलेला नाही.

पांढरा पायघोळ गलाबिया धुऊन इस्त्री केला. दाढी केली, एका जागी कापली. टेबलावरचं संत्रं जरा सुकलंय. टाकवत नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

कोरफडीजवळ बसली होती, संत्र्यांची पिशवी शेजारी. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मला बघून उठली. गेली नाही. म्हणाली, "बाबा, आज गुरुवार आहे." म्हटलं, माहीत आहे. पुढे काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं.

मग तीच बोलली. म्हणाली, "दर गुरुवारी येऊन आधी पानंच बघायचे मी. पुसलेली असायची. माती ओली असायची. आधीच्या आठवड्यातल्या गोगलगाई वेचलेल्या असायच्या. पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी इथेच बसून रडले. म्हटलं, बाबांना कळलंय मी येते ते. बोलणार नाहीत ते, त्यांचा स्वभावच तसा, पण माझ्या रोपाला जपतात. त्यावरच काढली ही दोन वर्षं." आणि माझ्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

म्हटलं, "हो गं. माहीत होतं."